अर्ध्या मिनिटाचे न्यायालय

प्रायश्चित्तकाळातल्या एका रविवारी, मिस्सा आटोपल्यावर, आमच्या धर्मग्रामातील एका मंडळाच्या बैठकीत एक प्रस्ताव मांडला गेला आणि दहा मिनिटांत तो निकालातही निघाला. पास्काच्या सणानंतर एका संध्याकाळी सभागृहात जुन्या विनोदी ध्वनिमुद्रिका ऐकण्याचा कार्यक्रम करावा, एवढाच तो प्रस्ताव होता. दोघा-तिघा तरुणांनी यादीही करून आणली होती. तीत अमेरिकेच्या बॉब न्यूहार्टची एक तबकडी होती, जॉर्ज कार्लिनची एक होती, आणि पु. ल. देशपांडे यांची काही कथाकथने होती. यादी वाचून होते न होते तोच एक वडीलधारे सद्गृहस्थ उठले. त्यांनी खिशातून मोबाइल काढला आणि कार्लिनच्या बोलण्याचा अर्ध्या मिनिटाचा तुकडा सर्वांना ऐकवला. तुकडा पापनिवेदनाविषयी होता. “हे आपल्या सभागृहात?” एवढेच ते म्हणाले. कोणी उत्तर दिले नाही. प्रस्तुत लेखकानेही दिले नाही, आणि ती तबकडी मी पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा नव्हे, अनेकदा ऐकलेली आहे. हा लेख त्या मौनाचे प्रायश्चित्त समजावा.

त्या सद्गृहस्थांच्या श्रद्धेविषयी मला शंका नाही. त्यांच्या श्रवणाविषयी आहे. अर्धे मिनिट ऐकून माणसाला दोषी ठरवण्याची जी रीत आपल्यात रुजत चालली आहे, तिच्याविरुद्ध मला बोलायचे आहे. कोणत्याही धर्मगुरूच्या प्रवचनातले सोयीचे अर्धे मिनिट कापून काढा आणि गावभर फिरवा. तो पाखंडी ठरायला वेळ लागणार नाही. प्रवचनाला आपण जो न्याय मागतो तो विनोदाला का नाकारतो?

आता त्या तबकडीकडे वळू. ‘क्लास क्लाउन’ या नावाची ही तबकडी २७ मे १९७२ रोजी कॅलिफोर्नियातील सँटा मोनिका येथील सभागृहात, प्रेक्षकांसमोर ध्वनिमुद्रित झाली. कार्लिन न्यूयॉर्कमधल्या आयरिश कॅथलिक घरात वाढलेला. तो कॉर्पस क्रिस्टी या धर्मग्रामाच्या शाळेत शिकला. वर्गातला विदूषक हा तबकडीचा मूळ विषय आहे. गालातून काढायचे आवाज, बोटे मोडणे, धीरगंभीर क्षणी शेजारच्याला हसू फोडण्याची विद्या, असा सगळा बालिश ऐवज आधी बराच वेळ चालतो. पापनिवेदनाचा भाग येतो तो त्यानंतर, म्हणजे श्रोत्याला त्या वर्गात नेऊन बाकावर बसवल्यावर. बोलणारा कोण आहे हे तोवर कळलेले असते. तो बाहेरून दगड मारणारा परका इसम नाही. तो आपल्याच धर्मशिक्षणाच्या वर्गातला शेवटच्या बाकावरचा पोरगा आहे.

आणि तो म्हणतो काय? आयरिश धर्मगुरूंना मुलांचे आवाज ओळखू येत, आणि ते प्रत्येक पाप मनाला लावून घेत. म्हणून सगळी मुले फादर रिव्हेरा नावाच्या पोर्तो रिकोच्या धर्मगुरूंच्या पेटीपुढे रांग लावत, कारण त्यांचे प्रायश्चित्त हलके असे. हीच ती टिंगल! आपल्यापैकी ज्याचे बालपण चर्चच्या आवारात गेले आहे, त्याने छातीवर हात ठेवून सांगावे की कोणत्या फादरपुढची रांग लांब असते आणि कोणत्या फादरपुढची आखूड, हे त्याला ठाऊक नव्हते. गोव्याकडे ज्याला कुमसार म्हणतात त्या संस्काराची यात कसली विटंबना झाली? शिक्षा चुकवू पाहणाऱ्या पोराची लबाडी तेवढी उघडी पडली, आणि ती उघडी करणारा स्वतःच ती लबाडी करून चुकला होता. सर्वांसमक्ष केलेल्या कबुलीला आपण निंदा म्हणू लागलो तर पापनिवेदनाच्या अर्थावरच पुन्हा विचार करावा लागेल.

पुढचा भाग मला अधिक प्रिय आहे. धर्मशिक्षणाच्या तासाला मुले फादरांना अडचणीत टाकणारे प्रश्न विचारत. देव सर्वशक्तिमान असेल तर त्याला स्वतःलाच उचलता येणार नाही एवढा मोठा दगड तो घडवू शकेल काय? दुसरा प्रश्न तर अस्सल कायदेपंडिताचा आहे. पास्काच्या काळात एकदा तरी ख्रिस्तप्रसाद घेण्याचे बंधन आहे. शेवटचा रविवार उजाडला आहे. तुम्ही भर समुद्रात जहाजावर आहात. जहाजावरचे धर्मगुरू बेशुद्ध पडले आहेत. रविवार सरून सोमवार उजाडतो, आणि तेवढ्यात जहाज आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडते! आता तुमचे पाप उरले की पुसले गेले? हा विनोद करायला पास्काचे कर्तव्य म्हणजे काय, ते कधीपर्यंत पार पाडायचे असते, संकल्प आणि कृती यांत धर्मशास्त्र काय भेद करते, हे सर्व ठाऊक असावे लागते. सभागृहातल्या किती जणांना तो समजेल, अशी मला खरी धास्ती आहे. धर्मशिक्षण कच्चे असलेल्याला हा विनोद कळत नाही, आणि न कळलेल्या विनोदावर रागावणे सर्वांत सोपे असते.

त्याच तबकडीत स्वर्ग, नरक, शुद्धिस्थान आणि लिंबो यांवरही एक प्रकरण आहे. शुक्रवारी मांस खाण्याचे पाप आता पाप राहिले नाही, पण जुन्या शिक्षेवर नरकात गेलेले अजून तेथेच असतील, अशा आशयाचे एक वाक्य तो टाकतो. या वाक्याला इतिहास आहे. सहावे पोप पॉल यांनी १९६६ साली उपासाचे नियम बदलले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेतील बिशपांनी शुक्रवारच्या मांसवर्ज्याची सक्ती शिथिल केली. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेनंतर सामान्य भाविकांच्या मनात जी खळबळ माजली, काल जे मरणांतिक पाप होते ते आज कसे नाही हा जो प्रश्न त्यांनी घरोघरी दबल्या आवाजात विचारला, तो कार्लिनने मोठ्याने विचारला. लिंबोचे तर पुढे काय झाले पाहा. बाप्तिस्म्यावाचून मरण पावलेल्या बालकांच्या तारणाची आशा या विषयावर आंतरराष्ट्रीय ईशज्ञान आयोगाचा दस्तऐवज २००७ साली प्रसिद्ध झाला. विदूषकाने पस्तीस वर्षे आधी ज्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवले, त्याच जागेकडे पंडित नंतर गंभीरपणे वळले. विदूषकामुळे वळले असे मी म्हणत नाही. जागा दुखरी होती, एवढेच म्हणतो.

आक्षेपकांच्या बाजूने जे खरे आहे ते मान्य केले पाहिजे. कार्लिनची श्रद्धा सुटली. त्या शाळेने आम्हाला प्रश्न विचारायला शिकवले आणि आम्ही ते साधन तिच्याच धर्मावर चालवले, अशा अर्थाचे तो स्वतःच सांगतो. उतारवयातले त्याचे धर्मविषयक बोलणे मला ऐकवत नाही. १९९९च्या सुमाराचा कार्लिन प्रवचनकार झाला आहे. ज्यांच्यावर तो तुटून पडतो त्यांच्याइतकाच तो स्वतःच्या मताविषयी निःशंक आहे, आणि निःशंक माणसाला विनोद फारसा साधत नाही. ‘क्लास क्लाउन’मधला कार्लिन मात्र अजून घराच्या उंबरठ्यावर उभा आहे. त्याला आतल्या स्वयंपाकाचा वास येतो.

दुसरा आक्षेप भाषेचा. याच तबकडीच्या शेवटी दूरचित्रवाणीवर कधीही उच्चारू नयेत अशा सात शब्दांचे प्रकरण आहे. ते विनोद मिलवॉकी येथे जाहीर कार्यक्रमात सादर केल्याबद्दल जुलै १९७२मध्ये त्याला अटक झाली, आणि पुढे तो खटला रद्दबातल झाला. त्याच विषयाचा, पुढच्या तबकडीतला भाग न्यूयॉर्कच्या एका नभोवाणी केंद्राने १९७३ साली भर दुपारी लावला; मुलाला घेऊन मोटारीतून चाललेल्या एका पित्याच्या तो कानावर पडला आणि त्याने तक्रार केली. हे प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९७८ साली पाच विरुद्ध चार मतांनी निकाल केंद्राच्या विरोधात लागला. तो पिता माझ्या मते चुकला नव्हता. लहान मूल शेजारी असताना कोणते शब्द कानी पडावेत हे ठरवण्याचा अधिकार बापाचा आहे. तथापि आमच्या सभागृहात येणारे श्रोते प्रौढ असणार होते, त्यांना आधी सूचना मिळणार होती, आणि ते सात शब्दांचे प्रकरण वाजवायचे नाही हे त्या तरुणांनी आपण होऊन ठरवले होते. हे त्यांना कोणी विचारलेच नाही.

भाषेच्या सोवळ्याविषयी आणखी एक गोष्ट सांगायला हवी, आणि ती कडू आहे. कार्लिनच्याच पिढीत बिल कॉस्बी या विनोदकाराने स्वच्छ, घरगुती, एकही अपशब्द नसलेला विनोद केला. १९६५ ते १९७० अशी सलग सहा वर्षे त्याच्या तबकड्यांना ग्रॅमी पारितोषिक मिळाले. मुलाबाळांसह ऐकावा असा विनोदकार म्हणून त्याचे नाव घेतले जाई. पुढे अनेक स्त्रियांनी त्याच्यावर लैंगिक अत्याचाराचे आरोप केले; २०१८ साली तो दोषी ठरला आणि तुरुंगात गेला; २०२१ साली पेन्सिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने कार्यवाहीतील दोषाच्या कारणावरून ती शिक्षा रद्द केली. त्याच्या तबकड्या मला आता ऐकवत नाहीत. ज्या समाजाने जिभेच्या स्वच्छतेलाच चारित्र्याचे प्रमाणपत्र मानले, त्याने या उदाहरणापुढे थोडे थांबावे. आपल्या धर्मसभेनेही गेल्या काही दशकांत हा धडा फार मोठी किंमत देऊन घेतला आहे. तेथेही भाषा अत्यंत सोवळी होती.

सोवळा विनोद मुळातच वाईट, असे मात्र कोणी समजू नये. बॉब न्यूहार्ट हे त्याचे उत्तर आहे, आणि बैठकीत त्याचे नाव कोणी उच्चारलेही नाही याचे मला सर्वाधिक दुःख झाले. हा शिकागोचा कॅथलिक गृहस्थ. जेझुइटांच्या शाळेत आणि पुढे त्यांच्याच लोयोला विद्यापीठात शिकलेला, एक बहीण धर्मभगिनी, आणि पेशाने हिशेबनीस. कचेरीतला कंटाळा घालवण्यासाठी तो मित्राशी दूरध्वनीवर खोटी संभाषणे करी. त्यातून त्याची कला जन्मली. नाइटक्लबात कधी उभा न राहिलेल्या या माणसाला फेब्रुवारी १९६०मध्ये ह्यूस्टनच्या टाइडलँड्स क्लबमध्ये उभे करून ‘द बटन-डाउन माइंड ऑफ बॉब न्यूहार्ट’ ही तबकडी मुद्रित करण्यात आली. अमेरिकेतील खपाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचलेली ही पहिली विनोदी तबकडी. पुढच्या वर्षी तिला वर्षातील सर्वोत्कृष्ट तबकडीचे ग्रॅमी पारितोषिक मिळाले, तेही गायक-वादकांना मागे सारून. १८ जुलै २०२४ रोजी, चौऱ्याण्णव वर्षांचा होऊन, तो निवर्तला.

न्यूहार्टची रीत अशी की संभाषणाची एकच बाजू ऐकू येते. एक जाहिरातवाला अब्राहम लिंकनला दूरध्वनी करतो आणि दाढी काढू नका, ती तुमच्या प्रतिमेचा भाग आहे, असे अजीजीने विनवतो. लिंकन काय म्हणाला ते आपल्याला त्याच्या उत्तरांवरून ओळखायचे. मोटार चालवायला शिकवणारा शिक्षक अत्यंत सौजन्याने शेजारच्या बाईंना सूचना देतो. मोटार कोठे चढली, कोणावर गेली, हे आपण त्याच्या थांबण्यावरून ताडायचे. श्रोत्याला अर्धे काम करावे लागते. पापनिवेदनासाठी रांगेत उभे असताना पेटीतून धर्मगुरूंचा पुटपुटणारा आवाज कधीकधी कानावर येतो, समोरच्याचा येत नाही, आणि आपण नको तेवढी कल्पना करतो. न्यूहार्ट ऐकताना मला नेहमी ती रांग आठवते. त्याने हे तेथूनच उचलले असे विधान करण्याचे धाडस मी करणार नाही. पण ज्याने ती रांग अनुभवली आहे त्याला या तबकडीची गोडी दुप्पट लागते. आणि हेही ध्यानात घ्यावे, की तिचे अर्धे मिनिट कापून मोबाइलवर फिरवता येत नाही. मौन कापून कसे फिरवणार?

विनोद आणि श्रद्धा यांचे वैर असल्याची समजूत आपल्यात कोठून आली, मला उलगडत नाही. पितामह इसहाकाच्या नावातच हसणे आहे. दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ काढायला निघालेला आणि स्वतःच्या डोळ्यात मुसळ घेऊन फिरणारा माणूस प्रभूने श्रोत्यांसमोर उभा केला तेव्हा गालिलातले लोक हसले नसतील काय? संत थॉमस मोर १५३५ साली वधस्तंभाच्या डळमळत्या पायऱ्या चढताना, वर चढायला हात द्या, उतरण्याचे माझे मी पाहीन, अशा अर्थाचे बोलले असे सांगतात. १४ जून २०२४ रोजी दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी शंभरहून अधिक विनोदकारांना व्हॅटिकनमध्ये बोलावून घेतले. आपण ज्यांच्यावर प्रेम करतो त्यांची थट्टा करतो, तशी देवाचीही करता येते, ती ईशनिंदा ठरत नाही, असे त्यांनी त्यांना सांगितले. मात्र कोणाच्या श्रद्धेला, विशेषतः गरिबांच्या, घाव घालू नये, हेही बजावले. पोप महाशयांच्या दारातून जो आत गेला तो आमच्या सभागृहाच्या दारात अडवला जातो, याला धर्मनिष्ठा म्हणावे की आणखी काही?

खरे कारण मला निराळे वाटते. आपण अल्पसंख्य आहोत, आणि अल्पसंख्याला हसू आणि अपमान यांतला भेद पटकन कळत नाही. तशी सवय त्याला जगाने लावलेली असते. हिंदी चित्रपटांनी आपल्याला दारुडा, मोडकी हिंदी बोलणारा, गळ्यात क्रूस आणि हातात बाटली असलेला इसम म्हणून किती दशके दाखवले! ते दुखते, मलाही दुखते. ‘एआयबी’ या मंडळींनी डिसेंबर २०१४मध्ये वरळीला जो कार्यक्रम केला त्यात आपल्याविषयी काही बोलले गेले, आपल्या संघटना खवळल्या, आणि फेब्रुवारी २०१५मध्ये त्यांनी ख्रिस्ती समाजाची माफी मागितली. ते विनोद सुमार होते. परंतु माफी मिळवून आपण काय कमावले? भावना दुखावल्याचे हत्यार आपल्यालाही चालवता येते, एवढे सिद्ध केले. त्याआधी २०१२ साली, मुंबईतल्या एका क्रूसातून पाझरणाऱ्या पाण्याचे वैज्ञानिक कारण सांगणाऱ्या एका बुद्धिवाद्याविरुद्ध आपल्याच लोकांनी कलम २९५ अ खाली तक्रारी केल्या आणि तो देश सोडून फिनलंडला गेला. ते कलम १९२७ साली आले. जुलै २०२४पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९९ने घेतली आहे. १ जानेवारी २०२१ रोजी इंदूरमध्ये मुनव्वर फारुकी या विनोदकाराला अटक झाली तीही याच २९५ अ या कलमाखाली, आणि सर्वोच्च न्यायालयाने जामीन देईपर्यंत तो महिनाभराहून अधिक काळ तुरुंगात होता. ही तलवार आपल्या म्यानात राहील असे ज्यांना वाटते त्यांनी देशातल्या आपल्या प्रार्थनासभांवर आणि धर्मसेवकांवर कोणकोणत्या तक्रारी दाखल होतात ते वर्तमानपत्रांत वाचावे.

यादीतले तिसरे नाव पु. लं.चे. त्यांना कोणी हरकत घेतली नाही, आणि नेमके येथेच मला सर्वांत जास्त विचारायचे आहे. आपल्या घराघरांत त्यांच्या ध्वनिफिती वाजल्या. अंतू बर्व्याच्या तिरकस बोलण्याला आपण हसलो आणि त्याच्या एकाकीपणापाशी गप्प झालो. बेळगावचे रावसाहेब वाक्यावाक्याला शिवी हासडतात, तरी त्या शिव्यांची तक्रार घेऊन कोणी उठल्याचे मी ऐकले नाही, कारण सांगणाऱ्याचे त्या माणसावरचे प्रेम प्रत्येक शिवीतून ऐकू येते. पेस्तनकाकांमुळे मराठी घरांना एक पारशी म्हातारा आपलासा वाटला. मग वसईचा, उत्तनचा, अलिबागचा ख्रिस्ती माणूस या मैफलीत कोठे आहे? कादोडीतला तो खवचट टोला, लग्नाच्या मांडवात विहिणीला दिलेली चपराक, बाजाराच्या गाडीत भाजीच्या पाट्यांवर बसून रंगणारी आपल्या बायकांची नक्कल, हे सगळे कोणी ध्वनिमुद्रित केले? आपल्याला हसले ते परक्यांनी. आपण स्वतःला हसलो ते ओटीवर, दार लावून. ज्या म्हाताऱ्या त्यात निष्णात होत्या त्या एकेक करून चालल्या आहेत आणि त्यांचे आवाज कोणत्याही फितीवर नाहीत. माझ्या आजीची नक्कल माझ्या बहिणीला थोडीफार येते. तिच्या मुलांना येत नाही.

त्या तरुणांनी यादीच्या तळाशी एक ओळ लिहिली होती, ती बैठकीत वाचलीच गेली नाही. कागद नंतर माझ्या हाती आला तेव्हा मी पाहिली. तबकड्या ऐकून झाल्यावर गावातल्या दोन आजीबाईंना बोलायला लावावे आणि ते ध्वनिमुद्रित करावे, असे तीत होते.

कार्यक्रम आता माझ्या ओटीवर होईल. पास्कानंतरचा दुसरा शनिवार ठरला आहे. आधी न्यूहार्टचा मोटार-शिक्षक, मग कार्लिन, पापनिवेदनाचे प्रकरण अगदी अखंड, मग रावसाहेब, आणि शेवटी त्या दोघी आजी. त्या सद्गृहस्थांच्या घरी जाऊन मी स्वतः निमंत्रण देऊन आलो. येतो म्हणाले नाहीत, येत नाही असेही म्हणाले नाहीत. किती वेळ चालेल, एवढे मात्र त्यांनी विचारले. अडीच तास, मी म्हणालो.